शेवट चुकला म्हणालास, तो पिक्चर

सुक्या, आधी एवढं सांग, कुठला पिक्चर?

तू गेल्यापासून इतके दिवस मी याच प्रश्नाला जुंपलो होतो. चहाच्या लारीवर बसतो आणि चहा यायच्या आधी उठतो. लूमच्या खात्यात सांच्यासमोर, म्हणजे मागासमोर, उभा असतो, तार तुटते, जोडतो आणि मनात एकेक पिक्चर काढून बघतो. हा असेल का? नाही, याचा शेवट तर तुला आवडला होता, सगळ्या गल्लीला सांगत फिरत होतास. तो असेल का? त्यातनं तर तू इंटरव्हललाच बाहेर पडलास, शेवट काय तुझ्या बापाने बघितला? घरी जेवताना माझे ओठ हलतात म्हणे. बायको म्हणते, गेलेल्या माणसाशी भांडण उकरून काढू नका, त्याला तिकडे तरी सुखाने राहू द्या. तिला काय सांगू. भांडण मी नाही काढलं, तूच काढून गेलास.

माणसं जाताना देवाचं नाव घेतात. पोराला जवळ बोलावतात, बायकोचा हात धरतात, शेताबांधाचं काहीतरी सांगतात. तू त्या खाटेवर पडलेला, गळ्याला नळी, अंगात हाडं तेवढी उरलेली, आणि म्हणालास काय, तर "त्या पिक्चरना शेवट चुकना. मी सांगेल व्हतं." त्या पिक्चरचा शेवट चुकला, मी सांगितलं होतं. एवढं बोललास आणि डोळे मिटलेस. मी म्हटलं थकला असेल, उद्या भेटीच्या वेळी विचारू कुठला. उद्या विचारायला तू नव्हतास.

आवाज तर तुझा आधीच गेला होता. डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली तेव्हाच किरणला सांगितलं, आता वडिलांना बोलता येणार नाही, काय हवं-नको ते खुणेने विचारा. पोरगं रडवेलं झालं. तुझा किरण एम्ब्रॉयडरीच्या कॉम्प्युटरवाल्या मशिनवर बसतो, एसी लावलेल्या खोलीत, त्याला काय ठाऊक. मी म्हटलं, अरे येड्या, आवाज कोणाला पाहिजे? मी आणि तुझा बाप उभा जन्म आवाजाशिवायच बोललो.

मग मीच तुझा आवाज झालो. पाणी म्हणतोय. उशी वर करा म्हणतोय. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा फार बडबड करतो म्हणतोय, आणि हे मोठ्याने सांगू नको असंही म्हणतोय, पण तोवर मी सांगून बसलो होतो आणि म्हातारा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. तुला हसू आलं. नळीतून नुसती हवा फुसफुसली. नर्स धावत आली, तिला वाटलं काही बिघडलं. वहिनी हात जोडून उभ्या. मी त्यांना म्हटलं, काही नाही हो, हसतोय तो.

त्या शेवटच्या संध्याकाळीही निर्मला वहिनी तुझ्या पायाशी उभ्या होत्या. त्यांनी तुझे ओठ हललेले बघितले, मी मान डोलावलेली बघितली. बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हटले हो, भाऊजी?" काय सांगणार होतो मी? म्हटलं, "सांगतो मग." ते मग राहून गेलं आणि माझ्या छातीवर येऊन बसलं.

कारण त्यानंतर आबा आला. तुझा मोठा भाऊ, गावाकडची सगळी मंडळी घेऊन. दहाव्यानंतर तुझ्या त्या खोलीत, तुझ्याच खाटेवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं की निर्मलाला आम्ही गावी घेऊन जातो. खोली सोडून द्यायची. किरण पोरांबरोबर कुठेही राहील, तरणा आहे. बाईमाणसाने नवऱ्यामागे सुरतेत एकटं राहून करायचं काय? गावी घर आहे, सासू आहे, चार माणसं विचारणारी आहेत. सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनींनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पदर सावरला आणि म्हणाल्या, "जाताना ते काय सांगून गेले ते दौलतभाऊजींना माहीत आहे. ते सांगतील तसं करते." आणि सगळी खोली वळून माझ्याकडे बघायला लागली.

बघ, हातात काय ठेवून गेलास माझ्या. एका बाईने पुढचं आयुष्य कुठे काढायचं ते माझ्या तोंडावर अडकलं, आणि माझ्या तोंडात काय, तर पिक्चरचा शेवट.

मला राग आला तुझा. खरं सांगतो. चुलतभाऊ नाहीस, सोयरा नाहीस, एका खात्यातला माणूस, आणि इतका राग सख्ख्या भावाचाही कधी आला नव्हता.

पण मग आठवतो तो पहिला दिवस. मी नवा, शिरपूरकडनं आलेलो, सुरतेत बमरोलीच्या त्या खात्यात पाय टाकला आणि वाटलं डोकं फुटेल. सगळे सांचे एकदम चालू. माणसं तोंडं हलवतायत आणि आवाज एकाचाही नाही. मला वाटलं मी बहिरा झालो. भिंतीला टेकून उभा राहिलो. तू समोरच्या ओळीतनं माझ्याकडे बघितलंस, आणि तोंड मोठं उघडून, सावकाश, बाळाला भरवतात तसं, एक एक अक्षर माझ्यासमोर ठेवलंस. "जेवना का?" जेवलास का. ओठांवरून मी वाचलेलं ते पहिलं बोलणं. पुढे सगळं तूच शिकवलंस. 'प' आणि 'ब' सारखेच दिसतात, तर डोळ्यांकडे बघायचं. मान वळवून कधी बोलायचं नाही. आणि निरोप खात्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा असला की चार तोंडांतनं जातो, तर मधल्याने आपल्या पदरचं काही घालायचं नाही. जे उनं, म्हणजे जे आलं, तेच पुढे धाडायचं.

एकदा त्या लंगड्या भिकनने मजा म्हणून एका साध्या निरोपाला आपल्या मनाचं "पळत ये" जोडून दिलं होतं, आठवतं? ज्याला निरोप होता तो बिचारा बिहारी पळत आला आणि सदरा सांच्याच्या पट्ट्यात अडकून हात सोलून घेतला. तू कधी कोणावर हात उगारत नव्हतास, त्या दिवशी भिकनच्या थोबाडीत दिलीस. वर म्हणालास, मधल्या माणसाला मत नसतं. तू, ज्याला बटाट्याच्या भजीपासून दिल्लीच्या सरकारपर्यंत सगळ्यावर मत होतं, तू हे म्हणालास.

आणि पिक्चरवर तर विचारूच नको. शेजाऱ्याचे ओठ दिसत नाहीत म्हणून आपण कधी शेजारी बसलो नाही, ते बघून लोक हसायचे. मधली खुर्ची मारुतीची. तो परभणीचा, गवंडीकाम करणारा, त्याला ओठांचं काही कळत नाही, तो मध्ये बसून चणे खायचा आणि आपण दोघं थोडं पुढे झुकून त्याच्या नाकासमोरून बोलायचो. अख्खा पिक्चर. कोणाला त्रास नाही, आवाज नाही. एकदा त्या उधन्याच्या टॉकीजमधल्या दाराजवळच्या माणसाने आपल्याला मुके समजून पुढे नेऊन बसवलं होतं, आणि तू त्याला मोठ्याने थँक्यू म्हणालास. मारुती वैतागायचा. "तुमी दोघं तोंडातल्या तोंडात मला शिव्या देता का रं?" देत होतोच कधी कधी.

मारुतीला सगळंच आवडतं. "लई भारी" एवढंच त्याचं परीक्षण. तुला मात्र सरळ काही आवडलंच नाही. साउथचे पिक्चर हिंदीत डब होऊन यायला लागले आणि तुझी झोप उडाली. तोंड एक बोलतंय, आवाज दुसराच. सगळं थेटर शिट्ट्या मारतंय आणि तू कपाळाला हात लावून बसलेला. "अरे, तो आईले काय बोलना ते माले दिखनंच नही." मी म्हणायचो, आवाज ऐक ना, तोंड कशाला बघतोस? तू म्हणायचास, जन्मभर तोंडच बघितलं, आता कुठे कान शोधू? आणि मला ते पिक्चर आवडतात, सुक्या. मी अजूनही म्हणतो. मारामारी असते, गाणी असतात, दाढीवाला हिरो दहा जणांना उडवतो, माणसाचा शीण जातो. तोंड बघायला जायचंच कशाला? तू मला म्हणालास, तू खात्यातला माणूसच राहिला नाहीस. हे लागलं होतं मला. कधी बोललो नाही.

शेवटांचं तर तुझं वेगळंच. कुठल्याही पिक्चरचा शेवट तुला मान्य नाही. बाहेर पडलो की लारीवर उभं राहून तू नवा शेवट लावायचास. याला मारायला नको होतं, त्या पोरीने माफ करायला नको होतं, पोलीस इतक्या लवकर येतातच कुठे. चहा गार व्हायचा. म्हणून तर मला सापडेना. ज्या माणसाला सगळेच शेवट चुकलेले वाटतात, त्याचा हा कुठला?

मग वाटलं, पिक्चरच नसेल. गळ्यात नळी, डोक्यात ताप, ऑर्केस्ट्राला पिक्चर म्हणाला असेल. कानबाईच्या उत्सवाच्या वेळी मंडळाने खानदेशातला ऑर्केस्ट्रा आणला होता तो. आपण मागे, पाण्याच्या टाकीपाशी उभे, कारण स्पीकरजवळ उभं राहिलं की तुला पाळीवर असल्यासारखं वाटायचं. ती हिरव्या साडीतली बाई गायला लागली आणि तुझं तोंड वाकडं झालं. "ट्रॅक शे," म्हणालास, म्हणजे आधी भरून ठेवलेलं गाणं वाजतंय. "ती गाई नही ऱ्हायनी. ओठ पुढे, गाणं मागे." मी बघितलं. खरंच ओठ पुढे आणि गाणं मागे. पण मला लगेच कळलं. अरे, आपण लांब उभे आहोत, आवाज पोचायला वेळ लागतो. नदीवर पल्याडच्या काठाला बाई धुणं आपटते ते आधी दिसतं आणि मग ऐकू येतं, तसं. तुला सांगेपर्यंत तू निघालासच. गर्दी बाजूला करत, मोठ्याने, ट्रॅक शे, ट्रॅक शे.

सगळं गाव, म्हणजे सगळी बमरोली बघतेय. मंडळाची पोरं तुला धरायला धावली. तेवढ्यात त्या बाईने वाद्यांना हात केला, माईक खाली ठेवला, स्टेजच्या काठाशी आली आणि नुसत्या गळ्याने कानबाईचं गाणं म्हणाली. तुझ्या तोंडासमोर उभी राहून. पोरांनी तुझा हात सोडला. तू टोपी काढलीस. मी मागनं येऊन उभा राहिलो तेव्हा तुझे डोळे भरलेले होते आणि मला वाटलं, चला, आयुष्यात एकदा तरी हा चुकलो म्हणेल. परत येताना म्हणतोस काय, "हे गायनी. पण पहिलं ट्रॅकच व्हतं." नदीचं सांगितलं तर म्हणालास, नदीवर धुणं असतं, इथे स्पीकर आहे. तो वाद तसाच राहिला. मी अजून म्हणतो अंतर होतं. एवढ्या वर्षांत मी तुझ्यापुढे एकच गोष्ट खात्रीने बरोबर बोललो असेन, ती ही.

पण नाही, तू पिक्चर म्हणाला होतास. तुझे ओठ मी चुकायचा नाही.

तर गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी आबाने मला बाहेर बोलावलं. वाईट माणूस नाही तो, सुक्या. तुझ्यासाठी सगळ्यांत जास्त तोच रडला. लारीवर माझ्या हातात चहा दिला आणि हळूच म्हणाला, "सांगी टाक ना दौलत, तो बोलना का गावले जाय. तुनं काय जास?" माझं काय जातं. तिला एकदा तुझा शब्द आहे असं वाटलं की ती शांतपणे येईल, रडत येण्यापेक्षा ते बरं, असं त्याचं म्हणणं. आबा आत गेला तर मारुती जवळ सरकला. त्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणतो, "त्यापेक्षा इथंच ऱ्हा म्हणाला म्हणून सांग की. वैनी हितं काम करतात, चार पैसे मिळवतात, पोरगं हाय. लई पुण्य लागंल तुला."

आणि मला तेच सांगावंसं वाटत होतं. पुण्यासाठी नाही. ती खोली बंद झाली, त्या दाराला दुसऱ्याचं कुलूप लागलं, तर मी रविवारी जाणार कुठे? तुझी सायकल, तुझा तो वाकडा आरसा, वहिनींचा आलं घातलेला चहा, हे सगळं एका टेम्पोत भरून तुझ्या गावी, शिरपूरकडे जाणार आणि मी बमरोलीत उभा. मी ठरवलंसुद्धा, इथेच राहा म्हणाला असं सांगायचं. खोलीच्या दारापर्यंत गेलो. आणि तू भिकनच्या थोबाडीत मारलेली दिसायला लागली. मधल्या माणसाला मत नसतं. मर तू, म्हटलं. मेलास तरी सुटका नाही.

वहिनी खाली बसून दुसऱ्या दिवसाच्या स्वयंपाकासाठी गहू निवडत होत्या. कोपऱ्यात त्यांची पिशवी भरून ठेवलेली, आबाच्या बायकोनेच भरली होती. आबा खाटेवर, किरण दारात, मारुती माझ्या मागोमाग आलेला. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगितलं.

"वहिनी, खरं सांगतो. तुमच्याबद्दल तो काही बोलला नाही. किरणबद्दल नाही, गावाबद्दल नाही. पिक्चरबद्दल बोलला. त्या पिक्चरचा शेवट चुकला, मी सांगितलं होतं, एवढंच. दुसरं काही नाही."

आबाने कपाळावर हात मारून घेतला. मारुती खाली बघायला लागला. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

वहिनींचा हात सुपात थांबला. "असंच म्हटले? शेवट चुकला?"

"असंच. कुठला पिक्चर तेच कळत नाही हो. डोकं फुटायची वेळ आली माझी."

"तुम्हाला कसं कळेल," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही नाही बघितला तो. आम्ही दोघांनी बघितला."

खातं सोडून धरलेली इच्छापोरची चौकीदारी सुटली, दम लागायला लागला आणि तू घरी बसलास, ते मला ठाऊक होतं. दुपारी झोपतो म्हणायचास. म्हणून मी दुपारचा कधी आलो नाही. आणि तू बायकोबरोबर फोनवर पिक्चर बघत होतास? तू? पिक्चर भिंतीएवढा पाहिजे, फोनवर काय पिक्चर बघता, ते काय पिक्चर झाले का, असं म्हणून माझ्या पोराला झापणारा तू? वहिनींनी सांगितलं, पिठाच्या डब्याला फोन टेकवायचा, दार लोटून घ्यायचं, आणि दोघांनी भिंतीला पाठ लावून बसायचं. त्या हाताने साडीच्या लेसचे धागे कापत राहायच्या आणि तू बोलत राहायचास. तुला ऐकू कमी यायचं म्हणून आवाज मोठा ठेवला तर शेजारीण ओरडायची, म्हणून आवाज बंद करूनच बघायचात. नुसती तोंडं. तू त्यांना सांगायचास कोण काय बोललं.

"त्यात एक बाई असते," वहिनी सांगायला लागल्या. "तिचा नवरा शहरात कामाला असतो, तो मरतो. मग दीर येतात. तिचं सामान बांधतात, तिला गाडीत बसवतात. ती खिडकीतनं बघते आणि पिक्चर संपतो. मी म्हटलं, बरोबर केलं, एकटी बाई शहरात काय करणार. तर हे इतके चिडले. तिची खोली होती म्हणे, तिचं काम होतं, पोरगा होता, गावी तिचं काय होतं? दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा तेच. शेवट चुकला. मी म्हटलं, अहो, पिक्चर आहे, आपल्याला काय करायचंय? तर म्हणे, नाही, तू कबूल कर शेवट चुकला. मी नाही केलं."

"नाही केलं कबूल," पुन्हा म्हणाल्या आणि सूप बाजूला सारून रडायला लागल्या. तू गेल्यापासून अशा रडल्या नव्हत्या. बायका पुढे आल्या, त्यांना हाताने मागे केलं. किरण जवळ जाऊन बसला, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मग नाक पुसलं, आबाकडे वळल्या, डोक्यावरचा पदर नीट केला.

"मी नही येस, आबा. मी आठेच ऱ्हासू." येत नाही, इथेच राहीन.

आबा म्हणाला, "पिक्चर देखीसन ठरावस का तू?"

"त्यासनी सांगेल शे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सांगितलंय. आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

आबाने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होतो. मी म्हटलं, "आबा, मी मधला आहे." तो उठून बाहेर गेला. गंधमुक्तीला मात्र शेवटपर्यंत थांबला, सगळं रीतीने केलं आणि जाताना वहिनींच्या हातात शेंगदाण्यांची पिशवी देऊन, सणाला ये म्हणाला. वहिनींनी त्याचे पाय धरले. सगळं ठीक झालं, लोक म्हणतात. वहिनी राहिल्या, आबा रागावला नाही, मारुतीने तर पेढे आणले आणि पेढे अशा दिवसांत आणायचे नसतात म्हणून बायकोच्या शिव्या खाल्ल्या.

मग माझं चित्त ठिकाणावर का येत नाही?

सांगू? तुला मला काही सांगायचंच नव्हतं. इतके दिवस मी समजत होतो की जाता जाता सुक्या माझ्याशी बोलला, आपल्या पिक्चरबद्दल बोलला, बायकापोरं सोडून माझ्याशी. वरवर कुरकुर करत होतो, पण आतून फुगलो होतो. आणि तू माझ्याशी बोलतच नव्हतास. आता आठवतं, तुझी नजर माझ्यावर नव्हती, खाटेच्या पायाशी होती. खात्यात लांबचा निरोप असा तर धाडतात, तोंड जवळच्याकडे आणि नजर पोचायचं असेल त्याच्याकडे. एवढं मला दिसू नये. मला वाईट वाटलं, सुक्या. चांगलंच वाईट वाटलं. हेवा वाटला म्हण, तुझ्याच बायकोचा. मला निरोप नाही, शिवी नाही, जातो नाही. उभ्या जन्माची सोबत, आणि शेवटी मला टेलिफोनच्या तारेसारखा वापरलास.

पण मग असंही येतं मनात, की दुसऱ्या कोणाच्या तोंडात तू तो निरोप ठेवला असतास? मारुतीला दिसला नसता. किरणला कळला नसता. भिकनने पदरचं घातलं असतं. माझ्यावर ठेवलास. मी काही न वाढवता पोचवीन याची तुला खात्री होती, आणि मला स्वतःला नव्हती, दारात पाय ठेवेपर्यंत नव्हती. हा तुझा माझ्यावरचा उपकारच म्हणायचा. थँक्यू म्हणायला जीभ वळत नाही, तेवढं समजून घे.

काल संध्याकाळी खोलीवर गेलो होतो. वहिनी कामाला लागल्यात. लेसचा गठ्ठा पुढ्यात, शेजारच्या दोघी बरोबर. मी सहज म्हटलं, तर वहिनी, शेवट चुकलाच होता ना मग. तर काय म्हणावं त्यांनी?

"नाही. शेवट बरोबर होता."

"अहो, पण तुम्ही राहिलात ना?"

"मी राहिले. ती बाई वेगळी. तिच्या कामावरच्या बायका पिक्चरमध्ये एकदाच दाखवल्या, आणि त्या पण हिच्याशी बोलत नव्हत्या, ते यांच्या लक्षातच आलं नाही. तिच्या पोराला तर ती नकोच होती. तिचं तिथे कोणी नव्हतं, तर ती जाणारच. माझं तसं आहे का?" शेजारच्या दोघी हसल्या. वहिनी धागा कापत म्हणाल्या, "आणि तुम्हाला तो दाढीवाल्याचा पिक्चर आवडला होता ना, तो भिकार होता. तुम्ही तिघं यायचे, चहा मागायचे आणि भांडायचे. मला कोणी विचारलं का कधी?"

नाही विचारलं, सुक्या. तू तरी डब्याला फोन टेकवून विचारलंस, मी तर तेही नाही. इतकी वर्षं चहाचा कप घेताना त्या हातामागे पिक्चर बघणारी बाई आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या म्हणाल्या, तुम्ही तो पिक्चर बघा आणि मग सांगा कोण बरोबर. रविवारी दुपारी ठरलंय. मारुतीपण येतोय, तो लई भारी म्हणणार, त्याचं सोड. वहिनी कच्च्या नाहीत, त्या बायका एकदाच दाखवल्याचं तुझ्याही लक्षात आलं नव्हतं, तेव्हा सोपं जाणार नाही. उभ्या आयुष्यात मी तुझ्या एका मताला हो म्हटलेलं मला आठवत नाही. पण पिक्चर बघायच्या आधीच सांगून ठेवतो, मी तुझ्या बाजूने बसणार आहे, आणि वहिनींनी कबूल केल्याशिवाय उठणार नाही.